मामांच्या पावतीतला 'दर' आणि माझा लूप

"कावून रे, दर लिहिला तं काय गुन्हा केला का?"

सकाळी साडेसातला सावद्याहून मामांचा फोन. मी अजून अंथरुणातच, मे महिना, जळगावात रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात त्यामुळे झोप पहाटेच लागते. मामांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता, स्क्रीनचा, तिरका काढलेला, वर ट्यूबलाइटचा उजेड. त्यात माझ्याच प्रोग्रॅमने दिलेली एरर: ओळ ३, 'दर' नंतर नाव हवं होतं, '=' सापडलं.

आणि ओळ ३ काय होती, तर दर = १४५०. बस. केळीचा क्विंटलचा दर. यात माणसाने वेगळं काय लिहायचं होतं?

हे सगळं कसं सुरू झालं ते सांगतो. माझ्या मामेभावाची पोरगी नववीत, सेमी-इंग्लिशला, शाळेत पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची एक भाषा, शिकवायला सुरुवात झाली. सुट्टीत आली तेव्हा तिने मला विचारलं, काका, इफ म्हणजे जर ना, मग जरच का नाही लिहायचं. मी तिला नेहमीचं उत्तर दिलं की जगभर असंच चालतं वगैरे, पण रात्री गच्चीवर पडल्या पडल्या वाटलं की खरंच का नाही. माझं घरून काम चालतं, संध्याकाळ मोकळी असते, म्हटलं करू या एक खेळण्यातली भाषा, पायथनमध्येच, दोन-तीनशे ओळींत होईल. नाव ठेवलं 'घड'. केळीचा घड पण आणि घडणं पण, मला फार भारी वाटलं होतं ते नाव. पोरीचा पहिला प्रश्न, मग माझ्या प्रोग्रॅममध्ये घड नावाचा व्हेरिएबल चालेल का? (व्हेरिएबल म्हणजे एखादी किंमत साठवायला दिलेलं नाव.) तेव्हा हसलो. पुढचे दोन महिने याच प्रश्नात गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रिझर्व्ड वर्ड म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला शब्द. एसटीत खिडकीवर रुमाल टाकतात तसं. तो शब्द तुम्ही तुमच्या व्हेरिएबलला, फंक्शनला (म्हणजे नाव दिलेल्या कामाला) नाव म्हणून वापरू शकत नाही. प्रोग्रॅम वाचताना आधी अक्षरं जोडून शब्द बनवले जातात, मग प्रत्येक शब्द यादीत आहे का बघायचं, असला तर तो भाषेचा, नसला तर लिहिणाऱ्याचा. एवढंच काम. एवढ्याशा कामात मी पहिल्याच रात्री तोंडावर पडलो.

कारण शब्द तोडायला मी पायथनचं नेहमीचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात शोधायचा साचा) वापरलं, बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'अक्षर किंवा अंक'. इंग्रजीला कधी प्रॉब्लेम येत नाही. पण पायथनच्या त्या मोड्यूलला काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत, युनिकोडमध्ये (लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) ती वेगळ्या वर्गात आहेत, त्यामुळे शब्द मात्रेवर तुटतो. 'जर' चालला, 'तर' चालला, दोघांना मात्राच नाही. मग 'नाहीतर' टाकला आणि त्याचे तुकडे झाले न, ह, आणि तर. आता बघा, शेवटचा तुकडा 'तर' हा माझ्या यादीतला! म्हणजे नाहीतरच्या पोटातून एक तर बाहेर आला आणि पार्सर, म्हणजे तोडलेल्या शब्दांची वाक्यं लावणारा भाग, विचारतोय की हा तर कुठल्या जरचा. 'किंमत'चं झालं क आणि मत. दीड तास मी पार्सर तपासत बसलो, चूक होती त्याच्या आधीच. शेवटी देवनागरीचा अख्खा ब्लॉक, यू+०९०० पासून पुढचा, हाताने लिहून दिला तेव्हा सुटलं. (एक चांगली गोष्ट, पायथनचं इंट फंक्शन '१४५०' सरळ वाचतं, देवनागरी अंकांना काही वेगळं करावं लागलं नाही.)

मग यादी. इथे मी हावरटपणा केला. सी भाषेच्या १९८९च्या स्टँडर्डमध्ये ३२ कीवर्ड, म्हणजे भाषेचे स्वतःचे शब्द, आहेत, गो भाषेत २५, पायथनमध्ये सध्या ३५, कोबोलमध्ये तीनशेच्या वर. मी पोचलो ४१ वर. मराठीत एवढे छान छान शब्द आहेत तर वापरू या ना, असं म्हणत. लूपला, म्हणजे तेच काम यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा करायला, 'दर': दर पावती वही मध्ये. भागाकारात उरतं त्याला 'बाकी', शाळेत तेच म्हणतात. फंक्शनने उत्तर द्यायचं त्याला 'परत'. यादीत भर घालायला 'जमा'. असं करत गेलो. पोरीने त्यात पाढे केले, सम-विषम केलं, सगळं मस्त चाललं.

तिने ते आजोबांना दाखवलं, म्हणजे माझ्या मामांना.

मामांचा केळीचा व्यापार. बागेतून माल काढायचा, गाडी भरायची, शेतकऱ्याची पावती करायची. पावतीवर काय असतं? नग, वजन, दर, हमाली, उचल, जमा, बाकी. आणि माल उतरवताना नाकारला तर परत. आता माझ्या यादीशी लावून बघा. मी जे जे शब्द राखून ठेवले ते बरोब्बर त्यांच्या धंद्याचे शब्द होते. त्यांच्याच दुकानात जाऊन त्यांच्याच खुर्चीवर रुमाल टाकून आलो होतो मी.

फोनवर मी म्हटलं, मामा, दरच्या जागी भाव लिहा, चालेल. ते म्हणाले, "पावतीवर दर छापेल आहे, मी भाव कावून लिहू? तुह्या मशीनसाठी पावत्या नव्या छापू का?" मी गप्प. कारण मला आठवलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलाचं नाव ठेवलं होतं ऑर्डर, आणि डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ऑर्डर हा क्रम लावायचा राखीव शब्द, अर्धा दिवस एरर बघत बसलो होतो आणि मनातल्या मनात ज्याने हे ठरवलं त्याला शिव्या देत होतो. आता तो शिव्या खाणारा मी.

मग वाचायला बसलो की बाकीच्यांनी काय केलं. असं वाटत होतं की हे सगळं कधीच सुटलेलं असेल, पण तसं नाहीये, प्रत्येकाने वेगळं काहीतरी केलंय आणि प्रत्येकाला काहीतरी किंमत मोजावी लागलीये.

फोरट्रान, १९५७ची भाषा, तिच्यात रिझर्व्ड वर्ड नाहीतच. इफ नावाचा व्हेरिएबल खुशाल ठेवा. वर जुन्या फोरट्रानमध्ये स्पेसला अर्थ नव्हता, म्हणून 'डू १० आय = १,५' हा लूप, पण स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं तर 'डू१०आय' नावाच्या व्हेरिएबलमध्ये १.५ जाऊन बसतं. एरर नाही, काही नाही. पीएल/वन आली ६०च्या दशकात, तिनेही शब्द राखले नाहीत, का तर भाषा एवढी मोठी की सगळे शब्द कोण पाठ करणार. त्यामुळे त्यात 'जर जर = तर तर तर = नाहीतर' या छापाची ओळ कायदेशीर आहे. मी ही ओळ पोरीला वाचून दाखवली, ती पाच मिनिटं हसत होती.

अल्गोल ६० मधलं मला सगळ्यात आवडलं. त्यांनी म्हटलं की बिगिन, इफ हे शब्द नाहीतच, ती चिन्हं आहेत, अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. पुस्तकात ती ठळक छापायची आणि मशीनवर टाकताना प्रत्येकाने आपापली सोय करायची, बऱ्याच ठिकाणी कोट्समध्ये टाकायचे. म्हणजे तत्त्वतः १९६० सालीच कोणी बिगिनच्या जागी 'सुरू' ठेवला असता तरी चाललं असतं! मला उगाच आपण उशिरा आलो असं वाटलं.

हे पण करून बघितलं, राखीव शब्द कोट्समध्ये. पोरीने एका संध्याकाळी सोडून दिलं. टाइप करून बोटं दुखतात म्हणाली, बरोबर आहे तिचं.

मग उलटं, पीएचपीसारखं, व्हेरिएबलच्याच आधी खूण. तिथे डॉलर लावतात त्यामुळे क्लास नावाचा व्हेरिएबल असला तरी भांडण नाही. म्हटलं आपण डॉलर कशाला, रुपयाची खूण लावू, ₹दर, ₹बाकी. मला वाटलं हे तर पेटंट घेण्यासारखं आहे. मामांनी दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. "₹वजन? वजन काय रुपयात राहते का?" संपला विषय.

तिसरं, संदर्भावरून ओळखायचं. ओळीच्या सुरुवातीला 'दर' आला आणि पुढे '=' असेल तर व्हेरिएबल, नाव असेल तर लूप. हे जमलं, तीन दिवस मी खुश होतो. पण मग पोरीने एक प्रोग्रॅम पाठवला ज्यात ती 'तर' लिहायला विसरली होती, आणि माझ्या प्रोग्रॅमने चूक दाखवली सात ओळी खाली, भलतीकडेच. हे मला आधी कळलंच नव्हतं. राखीव शब्द हे खुंटीसारखे असतात, पार्सर चुकला तरी पुढच्या खुंटीला धरून उभा राहतो, 'इथे तर हवा होता' असं ठामपणे सांगू शकतो कारण तर दुसरं काही असूच शकत नाही. शब्द मोकळे सोडले की त्यालाही शंका, हा तर म्हणजे तर की कोणाचा व्हेरिएबल. लिहिणाऱ्याला मिळालेलं स्वातंत्र्य एररच्या मेसेजमधून वसूल होतं. नवशिक्यांच्या भाषेत तर हे अजिबात परवडत नाही कारण नवशिक्या माणूस निम्मा वेळ एररच वाचत असतो.

मधेच एक वेगळं लचांड, ते म्हणजे शुद्धलेखन. इंग्रजीत इफ लिहायचे दोन प्रकार नाहीत. आपल्याकडे 'आणि' निम्मे लोक 'आणी' लिहितात, आणि मी ज्यांच्यासाठी भाषा करत होतो त्यातले शंभर टक्के. 'आणी' माझ्या यादीत नाही म्हणून तो व्हेरिएबल समजला जायचा आणि एरर यायची 'आणी नावाचं काही सापडलं नाही'. मराठीच्या बाईंसारखी एरर. मग दोन्ही राखून ठेवले. 'किंवा' आणि 'किवा' तसंच. 'नाहीतर' कोणी 'नाही तर' तोडून लिहितं, आणि नाही पण माझा आणि तर पण माझा, तिथे खास नियम टाकावा लागला. 'मध्ये'चं तर सगळ्यात वाईट, शाळेत शिकवतात की शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, म्हणून पोरगी शहाण्यासारखी 'वहीमध्ये' लिहायची आणि माझ्या भाषेला 'वहीमध्ये' नावाची नवीनच वही दिसायची. शुद्ध लिहिलं म्हणून एरर! मामा बोलतात तसं लिहितात, त्यांचा तर हा 'तं' असतो. दुकानातला शिरपूरकडचा पोऱ्या अहिराणी बोलणारा, तो 'नही' लिहून मोकळा. सगळ्यांचे शब्द राखायचे म्हटलं तर यादी कोबोलला जाऊन भेटली असती, आणि राखलेला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी तोंडातून काढून घेतलेला असतो, हे मला दरच्या फोनमुळे आता कळलेलं होतं. 'तं' ठेवला. 'नही'ला मात्र एररमध्येच लिहिलं, 'नाही म्हणायचं होतं का?' त्याने मला दुकानात विचारलं, "हाई काय शे भो, त्याले समजी ऱ्हायनं तर करत का नही?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेल्या एका प्रोग्रॅममध्ये 'तर' चालतच नव्हता. दिसायला तोच. लांबी मोजली तर दोनऐवजी तीन. मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह अडकलेलं. अशी चिन्हं आता मी आधीच गाळून टाकतो, यावर जास्त बोलत नाही, रात्र गेली एक.

तर मूळ मुद्दा, कुठले शब्द राखायचे. उत्तर सापडलं पोरीच्या व्याकरणाच्या वहीत. शब्दांच्या जाती. मी माझे ४१ शब्द घेऊन बसलो आणि प्रत्येकापुढे जात लिहिली. भांडण झालेले शब्द बघितले, बाकी, परत, जमा, दर, आणि लक्षात आलं की माणूस व्हेरिएबलला नाव देतो ते नामच असतं. वजन, दर, बाकी, गाडी. कोणी व्हेरिएबलचं नाव 'म्हणून' किंवा 'जोपर्यंत' ठेवत नाही. मग नामांना हातच लावायचा नाही, अव्ययं घ्यायची आणि आज्ञार्थी क्रियापदं घ्यायची. दर हा दोन्हीकडून खेळणारा, अव्यय पण आणि नाम पण, म्हणून गेला, त्याच्या जागी 'प्रत्येक'. 'परत' गेला, तिथे 'दे'. परत आलेल्या मालाची मामांची ओळ आता चालते. 'बाकी' काढून साधं टक्क्याचं चिन्ह. 'मध्ये' काढून विसर्गासारखी दोन टिंबं: प्रत्येक पावती : वही. आणि जमा, मोज वगैरे कामं राखीव न ठेवता नुसती तयार फंक्शनं केली, गोमध्ये लेन किंवा ट्रू जसे आहेत, आधीपासून ठरलेले पण कीवर्ड नाहीत, कोणाला ते नाव स्वतःसाठी हवंच असेल तर घेऊ दे. मला तर वाटतं इंग्रजी भाषांमधली निम्मी भांडणंही याच जातीची आहेत, क्लास, टाइप, ऑर्डर, ग्रुप, सगळी नामं, म्हणून लोक के लावून क्लासचं स्पेलिंग बदलतात नाहीतर शेवटी अंडरस्कोअर चिकटवतात. रस्टमध्ये तर शब्दाआधी आर आणि हॅश लावायची रीतसर सोय आहे, सी शार्पमध्ये अॅट लावतात. ही सगळी मागच्या दाराची व्यवस्था.

यादी आली १७ वर. मी जाम खुश. नियम पण स्वतःचा.

आणि जूनमध्ये मला 'निवड' लागला. अनेक पर्यायांतून एक निवडायचं, पायथनमध्ये मॅच आहे तसं. निवड म्हणजे आज्ञार्थी क्रियापद, नियमात बसतं, टाकला. दुसऱ्या दिवशी पोरीचे तीन जुने प्रोग्रॅम बंद. एकात वर्ग-मॉनिटरची निवड होती, निवड = "ब तुकडी" वगैरे. कारण 'निवड' क्रियापद पण आणि नाम पण. उचल तसंच, मोज नाही पण खेळ, वाढ... मराठीत असे कितीतरी. आणि हे जास्त वाईट होतं कारण दरच्या वेळी निदान पहिल्या दिवशीच एरर आली होती, इथे चालू असलेलं मोडलं.

तेव्हा कुठे मला जावाचं कोडं उलगडलं. कॉलेजमध्ये शिकताना आम्हाला वाटायचं गोटो आणि कॉन्स्ट राखून ठेवलेत पण वापरत नाहीत, हा काय वेडेपणा. वेडेपणा नाहीये. आधी राखलेला शब्द फुकटात पडतो, नंतर राखायला गेलात तर लोकांचं घर मोडावं लागतं. त्याच जावामध्ये २००४ साली इनम हा शब्द राखीव झाला तेव्हा तो व्हेरिएबलचं नाव म्हणून वापरणारा जुना कोड बदलावा लागला. पायथन ३.७ मध्ये, २०१८ साली, असिंक राखीव झाला आणि ज्या लायब्रऱ्यांत (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचांत) असिंक नावाचं पॅरामीटर होतं त्या मोडल्या. म्हणून मग २०२१ला मॅच आणला तेव्हा त्यांनी तो पूर्ण राखलाच नाही, जागेवर असेल तर कीवर्ड, नाहीतर नाव, आधीच्या ३.९ आवृत्तीत नवीन पार्सर आल्यामुळे ते जमलं. सीवाल्यांनी १९९९ला बूल आणताना अंडरस्कोअर आणि कॅपिटल बी लावून आणला, कारण तसल्या नावांवर रुमाल आधीपासूनच टाकलेला होता. दिसायला घाण, पण कोणाचा प्रोग्रॅम मोडला नाही. आधी मला हे सगळं म्हाताऱ्यांचं घाबरणं वाटायचं.

निवडचं मी काय केलं, तर 'निवडा' केलं. निवडा हे नाम नाही, सुटलं. पण पोरगी म्हणाली, काका, कॉम्प्युटरला बाकी सगळीकडे दे, थांब, सांग, आणि इथेच निवडा? एकदा तू नि एकदा तुम्ही? मी म्हटलं सगळंच बदलू, द्या, थांबा, सांगा. पण 'थांबा' म्हणजे एसटीचा थांबा, परत नाम. मामांना विचारलं तर ते म्हणाले यंत्राला कसलं अहोजाहो. शेवटी तसंच राहिलंय, फक्त निवडताना आदराने.

मामांच्या पावत्या आता चालतात. दर, उचल, बाकी, परत, सगळे त्यांचे शब्द त्यांच्याकडे. काल मामींनी, त्या घरून साड्या विकतात, पहिल्यांदा बसून हिशोब लिहिला. साडी, फॉल, आणि तिसऱ्या ओळीत जर = ८५०. साडीची जर. फोटो आला, तिरका, वर ट्यूबलाइट. ओळ ३, 'जर' नंतर अट हवी होती, '=' सापडलं.

मामींना म्हटलं जरी लिहा. जरी मी अजून राखलेला नाहीये.